पट्ट्यांचे टोमॅटो लाल होत नाहीयेत? आधी एक कापून बघा

तुमची पोस्ट वाचून हसू पण आलं आणि कसंसं पण झालं. मैत्रिणीने दिलेलं बी, जातीचं नाव माहीत नाही, हिरव्यावर गडद हिरवे पट्टे, नव्वद दिवस झाले तरी फळं लाल होईनात, आता कुठलं खत घालू... अहो हा शब्द न् शब्द माझाच किस्सा आहे. पाणी, ऊन, काठीचा आधार यावर काही लिहीत नाही, फळं धरलीत म्हणजे ते तुम्हाला जमलंय.

खत घालू नका. एक फळ तोडा आणि आडवं कापा. बिया सुरीने चिरल्या गेल्या तर फळ अजून कोवळं आहे. बिया बुळबुळीत गरात सुरीखालून सटकल्या तर वाढ पूर्ण झालीये, मग पिकलंय की नाही ते बोटांनी कळतं, रंगाने नाही. काही जाती हिरव्याच पिकतात! ग्रीन झेब्रा त्यातली सगळ्यात प्रसिद्ध, टॉम वॅग्नर नावाच्या अमेरिकन माणसाने 1983 मध्ये आणलेली. लाल रंग लायकोपीन नावाच्या रंगद्रव्याचा, ते हिच्यात जवळजवळ बनतच नाही, आणि पिकताना जे हरितद्रव्य जायला हवं ते गरात राहतं. (ब्लॅक क्रिमसारख्या काळपट जातींत हरितद्रव्य राहतं आणि लायकोपीन पण बनतं, म्हणून तो चॉकलेटी रंग.) तुमची ग्रीन झेब्राच आहे असं मी छातीठोकपणे सांगत नाही हां, फोटोवरून जात ओळखणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मला हे कोणी सांगितलं नाही. मी फळं घेऊन एका सल्ला केंद्रात गेलो, तिथल्या साहेबांनी फळ हातात सुद्धा घेतलं नाही, लांबूनच बघून "पोटॅश कमी पडतंय, आणि पानं काढा, ऊन लागू दे". मी आज्ञाधारक. पोटॅश घातलं, आठवड्याने रंग आला नाही म्हणून अजून घातलं, पानं ओरबाडली. झालं काय, तर उघड्या पडलेल्या फळांवर उन्हाने पांढरे कागदासारखे चट्टे आले, आणि पोटॅश जास्त झालं की झाडाला कॅल्शियम नीट उचलता येत नाही, त्यामुळे नवीन फळांची बुडं काळी पडायला लागली. परत गेलो तर म्हणे रोग आहे, फवारा. आणि या सगळ्यात जी फळं धडधडीत पिकलेली होती ती मी लाल व्हायची वाट बघत झाडावरच ठेवली, एक दिवस हात लावला तर बोट आत गेलं, आंबूस वास. अख्खा हंगाम गेला. फळ एकदा कापून बघायची अक्कल ना त्यांना ना मला. असो.

पट्ट्यांच्या मधला हिरवा पिवळसर झाला आणि हलकं दाबल्यावर फळ किंचित दबलं की तोडा. मी तर थोडं आधीच तोडतो, घरात ठेवलं तरी पिकतं.

अजून एक, बियांच्या पाकिटावर फळ तयार व्हायला लिहिलेले 75-80 दिवस सहसा रोप जमिनीत लावल्यापासूनचे असतात, बी टाकल्यापासूनचे नाहीत. तुमचे नव्वद कुठून मोजलेत? आणि तुमच्याकडे सध्या तिशीच्या वर तापमान असेल तर लाल जात सुद्धा पिवळी-नारिंगीच राहते, लायकोपीन तेवढ्या उष्णतेत नीट बनत नाही, तेव्हा ती पण शक्यता धरा.

चव आवडली तर बी ठेवा, बिया गरासकट दोन-तीन दिवस वाटीत आंबवायच्या, धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. संकरित जात असेल तर पुढची झाडं तशीच येणार नाहीत, तेव्हा मैत्रिणीला विचारून घ्या तिने बी विकतचं दिलं की स्वतःच्या फळातलं. कापलेल्या फळाचा फोटो टाका, आणि बुडाचा पण टाका, पोटॅश आधीच घातलं असेल तर तिथे दिसेल.