लेकीला तळ्याच्या पाण्यावर काम करायचंय

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित पक्कं. पावसाळ्यात ओढे आणि वेण्णा तलाव लाल का होतात, हे शोधता शोधता ती अमेरिकेतल्या टाहो सरोवराचं वाचत बसते. म्हणते, पाणलोटाचं मॉडेलिंग शिकणार. पाहुणे म्हणतात, कॉम्प्युटरला घाला. आमची दोन एकर स्ट्रॉबेरी. यावर तिचं पोट भरेल का?
– एक वडील, महाबळेश्वर तालुका

उत्तर :
दादा, पोट भरेल. पण वाट सरळ नाही, म्हणून आधी हे काम काय आहे ते सांगतो.

टाहोला पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी झाली की खोली मोजतात. 1968 साली ती सरासरी 31 मीटरपर्यंत दिसायची, अलीकडे 20 च्या आसपास. मग तिथल्या अभ्यासकांनी अख्खा पाणलोट संगणकावर मांडला, म्हणजेच त्याचं मॉडेल केलं. उतार, माती, झाडी, डांबर, पाऊस, बर्फ सगळं घातलं आणि कुठल्या तुकड्यातून किती गाळ उतरतो याचा हिशेब केला. पाणी गढूळ करणाऱ्या, 16 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांपैकी सुमारे 72 टक्के रस्ते आणि वस्तीतून येतात, असं निघालं. जंगलाचं क्षेत्र कितीतरी मोठं असूनही! त्यावर बेतलेला आराखडा 2011 मध्ये मंजूर झाला. रस्ते झाडणं आणि वस्तीतलं पावसाचं पाणी तळ्यात जाण्याआधी मुरवणं ही कामं त्यात पुढे आली. पैसा आधी कुठे घालायचा, हे मॉडेल सांगतं. आपल्याकडे तो बहुतेक वेळा तळ्यातला गाळ उपसण्यात जातो, आणि गाळ जिथून येतो तो डोंगर तसाच राहतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता लेकीचा प्रश्न. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचं पाणी काचेच्या ग्लासात भरून खिडकीत ठेवा. रेती लगेच तळाला बसते. तांबडी झाक मात्र दुसऱ्या सकाळीही तशीच असते. कण दहापट बारीक असेल, तर तो बसायला शंभरपट वेळ घेतो. तुमच्याकडची जांभ्याची माती अशीच बारीक. तिला नुसता बांध घालून अडवता येत नाही, ती सुटते तिथेच धरावी लागते.

शिक्षणाचं म्हणाल, तर नुसत्या पर्यावरणाच्या पदवीपेक्षा अभियांत्रिकी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सीईटी देऊन सांगलीच्या वालचंदला सिव्हिल, नाहीतर राहुरीला कृषी अभियांत्रिकी. राहुरीत मृद व जलसंधारण हा विषयच शिकवतात, आणि शेतकऱ्याच्या लेकीला तो लवकर कळेल. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. रुरकीच्या आयआयटीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याच गावात राष्ट्रीय जलविज्ञान संस्था. पाहुण्यांचंही अगदी चुकीचं नाही, कोडिंग तिला लागेलच. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि पाणलोटाच्या मॉडेलसाठी स्वॅट, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून हाताशी घ्यावीत.

नोकरीबद्दल खरं सांगतो. ‘मॉडेलर’ नावाची सरकारी जागा सहसा निघत नाही. जलसंपदा, जलसंधारण खात्यांत अभियंत्यांच्या जागा निघतात, पण तिथे बांधकाम जास्त. मॉडेलचं काम मिळतं ते सल्लागार कंपन्यांत आणि संशोधन प्रकल्पांवर. प्रकल्पाचं काम बहुधा कंत्राटी असतं, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं धीर लागेल. सिव्हिल किंवा कृषीची पदवी हातात असली की पर्याय उघडे राहतात, म्हणूनच ती आधी.

एका विद्यार्थ्याने मला पाणलोटाचा सुंदर रंगीत नकाशा दाखवला होता. मी विचारलं, ओढ्यावर मोजलंस कुठे? कुठेच नाही. असा नकाशा खरा की खोटा, कसं ठरवणार? टाहोकडे पन्नासहून जास्त वर्षांची मोजमापं आहेत. आपल्या ओढ्यांची कुणाकडे आहेत?

म्हणून लेकीला या पावसाळ्यात एक वही द्या. अंगणात सरळ काठाचा डबा ठेवून रोज सकाळी आठला पाऊस मोजायचा, मिलिमीटरमध्ये. ओढ्यावर वरच्या बाजूला एक जागा, वस्तीच्या खाली दुसरी. दोन्हीकडचं पाणी एकाच दिवशी बाटलीत भरायचं आणि तारीख, वेळ लिहायची. ओढा भरून वाहत असेल तर पाण्यात अजिबात उतरायचं नाही, पुलावरून दोरीला बांधून डबा सोडायचा, आणि तुम्ही सोबत असा. महिनाभराच्या नोंदी झाल्या की वहीचे फोटो मला पाठवा. दोन जागांच्या पाण्यात फरक किती, ते आपण तिघं मिळून बघू.