बारा बोटांची काडी

चि. चिऊ,

काल झोपताना तू विचारलंस, "टीचर म्हणाल्या इक्विनॉक्सला मेणबत्ती लावा, वर्षात काय मिळालं आणि काय सोडून द्यायचं ते कागदावर लिहा. आपल्यात काय करतात त्या दिवशी?"

सण म्हणून काहीच नाही. इक्विनॉक्स म्हणजे दिवस आणि रात्र सारखे होतात तो दिवस. मराठीत त्याला शरद संपात किंवा विषुवदिन म्हणतात, पण त्या दिवशी ना पुरण शिजत, ना तोरण लागत. आपले सण चंद्राच्या हिशोबाने येतात. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून ते दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारतात. 2025 साली घटस्थापना आणि संपात दोन्ही 22 सप्टेंबरलाच आले. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणून संपात गणपतीतच येतो आणि घट 11 ऑक्टोबरला बसतात. भारत सरकारच्या शके दिनदर्शिकेत मात्र 1957 पासून आश्विनाची 1 तारीख 23 सप्टेंबरलाच बांधलेली आहे. घरात ती कोणी पाळत नाही, ही गोष्ट वेगळी.

सण नसला, तरी जुन्या ज्योतिषांनी या दिवसाला एक काम नेमून दिलं होतं. सपाट जागेवर बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ काडी, उभी करायची आणि ऐन मध्यान्ही तिची सावली मोजायची. ती सावली म्हणजे त्या गावची पलभा. पुण्याची पलभा 4 अंगुळं, उज्जैनची 5 च्या थोडी वर, आपल्या लंडनची 15! गाव विषुववृत्तापासून जितकं लांब, तितकी सावली लांब. पंचांगकर्ता गावचा सूर्योदय काढायचा तो याच आकड्यावरून. मेणबत्तीपेक्षा मला हे जास्त आवडतं.

आपण 1 अंगूळ म्हणजे 1 सेंटिमीटर धरू. ए-फोर कागद आडवा ठेवून पाटाला चिकटव. दक्षिणेकडच्या लांब कडेच्या मधोमध काडी रोव. काडी कागदाच्या वर 12 सेंटिमीटर हवी. खाली मातीत रुतलेला भाग धरायचा नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. नुसत्या टोकाची सावली पुसट पडते, म्हणून टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी प्लॅस्टिसिनची गोळी लाव आणि तिच्या सावलीच्या मध्यावर टिंब दे. अकरा ते तीन, दर वीस मिनिटांनी एक टिंब. लंडनचा खरा मध्यान्ह तेव्हा बारा वाजता नसतो. घड्याळात 12:52 च्या आसपास असतो, कारण उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे केलेली असतात.

पाट सपाट आहे का, ते आधी तपास. एका अंशाचा उतार असला, तरी सावली अर्धा सेंटिमीटर चुकते. ढग आले तर दुसऱ्या दिवशी कर, दिवसाला दोनच मिलिमीटरचा फरक पडतो.

आता टिंबं जोड. इतर दिवशी वाकडी रेघ येते, या दिवशी सरळ, आणि ती बरोबर पूर्व-पश्चिम असते. ही दिशा खिडकीच्या चौकटीवर खुणेने लिहून ठेव. घट पूर्वेला तोंड करून बसवायचा असतो, तेव्हा ती कामाला येईल.

घटाचंही आताच सांगते, कारण परदेशात गडबड तिथेच होते. फूटभर रुंद परडी, तिच्यात पत्रावळ किंवा केळीचं पान, त्यावर चार-पाच सेंटिमीटर माती. इथलं कंपोस्ट पाणी फार धरतं आणि बुरशी येते, म्हणून दोन भाग कंपोस्टला एक भाग वाळू घाल. धान्य सगळं मिळून अर्धी वाटी पुरे. दाट पेरलं की मधलं कुजतं. गहू रात्रभर भिजवायचे. दुकानातली पर्ल बार्ली उगवत नाही, तिची साल काढून ती घासलेली असते. मुगाची डाळही नाही, अख्खे मूग हवेत.

मधोमध मातीचा घट ठेवतात, त्यामागे सोय आहे. त्यातून पाणी झिरपतं आणि भोवतालचं धान्य ओलं राहतं. तांब्याचा कलश झिरपत नाही, मग रोज सकाळी हाताने पाणी शिंपडावं लागतं. खोली सतरा-अठरा अंशांखाली गेली, तर कोंब रुसतात.

तिसऱ्या दिवशी मुळांवर पांढरी लव दिसली तर घाबरू नकोस. पाणी शिंपडल्यावर ती दिसेनाशी झाली, तर मुळांचे केस आहेत. राखाडी जाळं राहिलं आणि कुबट वास आला, तर बुरशी. तेवढा भाग चमच्याने काढून टाकायचा. कोंब पिवळे येतील ते अंधाऱ्या कोपऱ्यामुळे, आणि आपल्याला ते पिवळेच हवेत. दसऱ्याला त्यांचा तुरा टोपीत किंवा केसांत खोवतात. नंदादीप मात्र आपण घरात असतानाच लावायचा, बाहेर जाताना नाही.

टीचरांचा कागद खुशाल लिही. पण गेलेल्या माणसांची आठवण आपण पितृपक्षात जेवू घालून काढतो, आणि ज्यांच्यावर वर्षभर काम चाललं ती हत्यारं खंडेनवमीला पुसून पुजतो. तुझी सायकल त्यातच येते, साखळीला तेल घालायचं राहिलंय.

2026 ची घटस्थापना रविवारी आहे. गहू शनिवारी रात्री भिजवायला लागतील, वाटी तू काढून ठेव.

आई