सोलापुरात घंटागाडीला कचरा कसा वेगळा करून द्यायचा? अंगणातल्या पालापाचोळ्याचं काय करायचं?

ओला, सुका आणि घातक म्हणजे सेल, ट्यूबलाइट, जुनी औषधं असं वेगळं ठेवायचं, हे 2016 च्या घनकचरा नियमांपासूनच आहे बघा. भाजीची देठं, शिळी भाकरी, चहाचा चोथा ओल्यात, पण कॅरीबॅगला गाठ मारून नका देऊ, बादली थेट ओता, प्लास्टिक मिसळलं की खत नीट होत नाही. डायपर, पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्या हो, गाडीवरच्या माणसांना हातानं निवडावं लागतं ते. आणि कडुनिंबाचा पाला उन्हाळ्यात ढिगानं पडतो तो रस्त्यावर ढकलायचा नाही, पेटवायचा तर अजिबात नाही, दोन्हीला बंदी आहे. आवारातच खड्डा करून टाका, वर थोडं शेण, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात तो लगेच वाळतो म्हणून रोज पाणी शिंपडत राहा.