चेक लाइट, मिसिंग आणि तिसरा सिलिंडर

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. तिला नंतर बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले. पावसाळ्यापासून गाडी मिसिंग करते, म्हणजे इंजिन मधूनच ठोका चुकवते. सपाट रस्त्यावर ते फारसे जाणवत नाही, पण कुंभार्ली घाट चढताना गचके बसतात, पिकअप पडतो आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. घाट संपला की तो नुसताच लागून राहतो. फिटरने स्कॅनर लावला तेव्हा पी-०३०३ हा कोड आला. त्याने तो पुसला, पण दिवा परत आला. आता तो चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारे भाग), इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतो. काय करावे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी दिव्याविषयी सांगतो, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही. स्थिर दिवा लागलेला असताना गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर मात्र न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळत असते आणि त्या उष्णतेने तो महागडा भाग आतून वितळू शकतो. म्हणून दिवा लुकलुकू लागताच ॲक्सिलरेटर सोडावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. दुरुस्ती होईपर्यंत घाट टाळणेच योग्य.

पी-०३०३ या कोडचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे, एवढाच आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर जोर देतो. त्या क्रमात एखादा धक्का कमी पडला की शाफ्टचा वेग क्षणभर मंदावतो आणि क्रँक सेन्सरमुळे ते संगणकाला कळते. ज्वलन का चुकले, हे त्याला त्यावरून कळत नाही. त्यामुळे या कोडच्या आधारावर चार कॉइल विकत घेणे मला मुळीच पटत नाही. ऑक्सिजन सेन्सर तर बहुधा निर्दोष असेल, कारण मिसिंग झाले की न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि सेन्सर तेवढेच दाखवतो. पेट्रोलमधील इथेनॉललाही हल्ली सरसकट दोष दिला जातो, पण इंधन वाईट असते तर त्रास एकाच सिलिंडरपुरता सहसा राहिला नसता.

आपल्या वर्णनातील घाटाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. चढावर सिलिंडरमधील दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते. दुबळी कॉइल, झिजलेला प्लग किंवा तडकलेले रबरी बूट तेथेच उघडे पडते. याउलट व्हॅक्यूमची गळती असती, म्हणजे इंजिनात फटीतून जादा हवा शिरत असती, तर मिसिंग गाडी उभी असताना जास्त आणि वेगात कमी जाणवले असते. सीएनजीला पेट्रोलपेक्षा अधिक जोमदार ठिणगी लागते, म्हणून त्रास दोन्ही इंधनांवर होतो की केवळ गॅसवर, हे प्रथम पाहावे. केवळ गॅसवर होत असेल, तर प्लग व कॉइल यांच्या जोडीने किटचे गॅस इंजेक्टरही तपासावे लागतील.

आपल्या गाडीला प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे असे धरून तपासणी सांगतो. इंजिन थंड असताना तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून प्लगच्या खड्ड्यात पाहावे. पाणी दिसले तर पावसाचे किंवा इंजिन धुतल्याचे असेल. ऑइल दिसले तर वरच्या झाकणाच्या आतील सील गेले आहे आणि ते बदलल्याशिवाय नवी कॉइलही टिकणार नाही. खड्डा स्वच्छ असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करून, कोड पुसून, इंजिन गरम झाल्यावर लहानशा चढावर गाडी चालवावी. कोड पी-०३०१ झाला तर कॉइल दोषी ठरली आणि एकच कॉइल बदलायची. कोड तिसऱ्यावरच राहिला तर त्याच रीतीने प्लग आणि मग इंजेक्टर यांची अदलाबदल करावी, मात्र एका वेळी एकच भाग हलवावा. प्लग काढण्यापूर्वी खड्ड्यातील धूळ हवेने उडवून घ्यावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. चालू इंजिनवर कॉइल उपसून पाहण्याची जुनी सवय फिटरला करू देऊ नये. त्यात हजारो व्होल्टचा झटका बसू शकतो.

एवढे करूनही कोड हलला नाही, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासून घ्यावे. तिसऱ्याचे कॉम्प्रेशन इतरांहून स्पष्ट कमी आले आणि सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडल्यावर वाढले तर पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत; वाढले नाही तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर जातो. गॅसवर बरीच चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठका झिजून टॅपेटमधील (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातील) फट कमी होते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी इंजिन उतरवायला होकार देण्यापूर्वी टॅपेट तपासून घ्यावेत.

प्रश्न : बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली की चेक लाइट जातो. ही पद्धत योग्य आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. बऱ्याच गाड्यांत तार काढली की कोडबरोबर दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे तापमान आणि भार यांची नोंदही पुसली जाते. फिटरला सर्वांत जास्त उपयोग तिचाच असतो. दोष खरोखर दूर झाला असेल तर पुढच्या काही फेऱ्यांत दिवा आपोआप विझतो. कोड पुसायचाच असेल, तर आधी स्कॅनरवरील त्या पानाचा फोटो काढून ठेवावा.