स्टुटगार्टला निघालेल्या मुलीस

प्रिय मुली,

तुझा मेल आला. सातवं सेमिस्टर जर्मनीत स्टुटगार्टच्या विद्यापीठात आणि मार्चपासून तिथल्याच एका कंपनीत इंटर्नशिप, हे सगळं तू स्वतः खटपट करून जमवलंस, शाबास. कुकर ने. जाड जॅकेट तिथे पोचल्यावर घे, इथल्या जॅकेटांनी तिथली थंडी भागत नाही. घरमालकाकडून राहण्याचा दाखला पहिल्याच दिवशी माग, कारण दोन आठवड्यांच्या आत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि पुढची बरीचशी कामं त्या नोंदीवर अडतात. इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची आहे की ऐच्छिक, याचं पत्र कॉलेजकडून इथूनच घेऊन जा. तिथे किमान वेतनाचा नियम त्यावर फिरतो, आणि साडेतीन-साडेचार तास मागे असलेल्या देशातून कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कला फोन लावत बसणं फार त्रासाचं.

हे झालं सामानाचं. तुझा शेवटचा प्रश्न मात्र मेलच्या तळाशी, जाता जाता विचारल्यासारखा होता: "तिकडे जाऊन माझ्यात खरंच काही फरक पडेल ना?" त्यासाठी हे पत्र.

मी त्या शहरात बरीच वर्षं नोकरी केली. आपल्याकडून येणारी मुलंमुली जवळून पाहिली. काही जण सहा महिन्यांत ओळखू येऊ नयेत इतके बदलले. काही जसे आले तसेच परतले, फोनमधले फोटो तेवढे वाढले. हा फरक हुशारीचा नव्हता, इंग्रजी-जर्मनचाही नव्हता. "मला हे कळलं नाही" आणि "मला हे पटत नाही" एवढं वेळेवर, आवाज न चढवता ज्यांना म्हणता आलं, ते बदलले.

आपल्याला याची सवय नसते. कशी असणार? व्हायवाला गप्प बसलं तर सर दोन मार्क देऊन सोडतात, उलट प्रश्न विचारला तर जर्नलवरची सही लांबते. चार वर्षं आपण मान डोलवायची प्रॅक्टिस करतो आणि त्यात डिस्टिंक्शन मिळवतो.

माझ्या टीममध्ये नाशिकचा एक मुलगा इंटर्न होता. गिअरबॉक्सच्या टेस्ट बेंचवर कंपनांचं मोजमाप करायचं काम. आलेखात बरोबर ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांवर, एक टोक यायचं. कुठल्याही वेगाला चालवा, टोक तिथेच. आता गिअरमुळे होणारं कंपन वेग बदलला की सरकायला हवं, हे तुलाही माहीत आहे. त्यालाही माहीत होतं. तिथल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे हे केबलमधून शिरलेलं विजेचं गुणगुणणं असणार, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. पण तो बोलला नाही. रिपोर्टमागून रिपोर्ट त्या टोकासकट जात राहिले. "एवढ्या सीनियर माणसांना दिसत नसेल का?" असं त्याला वाटायचं.

सीनियर माणसांना दिसत नव्हतं, कारण ते आलेख पाहायचं काम त्यांनी याच्यावर सोपवलं होतं.

एका मीटिंगमध्ये आमच्या विभागप्रमुखाने त्याला सरळ विचारलं, "तुझं मत काय?" पोरगा लालबुंद. मग म्हणाला, "मला वाटतं हे खरं कंपन नाही, पण खात्री करायला एक तास द्या." त्याने मोटर बंद ठेवून मोजमाप घेतलं. टोक जागच्या जागी. तो कागद टेबलावर ठेवला, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रमुख एवढंच म्हणाले, "बरं, मग केबल बदला." पण त्यानंतर त्या मुलाची चालच बदलली. पुढच्या आठवड्यात तो माझ्याच एका हिशेबावर बोट ठेवून वाद घालत होता. (तो वाद तो हरला, ते वेगळं.)

"पटत नाही" म्हणताना हातात असा कागद हवा. नुसतं मत कुणीही देतं.

आणि साहेबाला खूश करायला रात्री उशिरापर्यंत बसू नकोस. एका दिवसाचं काम संपल्यावर दुसऱ्या दिवशीचं सुरू होण्याआधी ११ तासांची विश्रांती द्यायची, असा तिथला कायदाच आहे. तू साडेनऊपर्यंत थांबलीस तर कौतुक होणार नाही, उलट तुझ्या प्रमुखालाच उत्तर द्यावं लागेल. पाच वाजता काम अर्धवट असेल तर पाच वाजताच सांग, "अर्धं झालं, इथे अडलंय." आपल्याकडे हे कबुलीजबाबासारखं वाटतं. तिथे ती फक्त माहिती असते.

विद्यापीठातही हेच. बहुतेक लेक्चर्सना हजेरी नाही, युनिट टेस्ट नाहीत, सेमिस्टरभर कुणी विचारत नाही. परीक्षेसाठी मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते, ती राहिली तर परीक्षेला बसता येत नाही, मग कितीही विनवण्या कर. ही तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाक.

आपल्यातल्याच एका बाईची गोष्ट तुला माहीत असायला हवी. १९२८ साली इरावती कर्वे बर्लिनला गेल्या, काँग्रेसचे पुढारी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन. सासरे महर्षी कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी जन्म घालवलेले, पण सुनेने परदेशी शिकायला जाणं त्यांना पसंत नव्हतं. तिथे मार्गदर्शक होते मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून त्याची बुद्धी वरचढ, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की आकड्यांत असा वंशभेद दिसत नाही. मार्गदर्शकाच्याच संस्थेत, परक्या भाषेत, विशीतल्या मुलीने! १९३० मध्ये पदवी घेऊन त्या परत आल्या. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशविचाराचे मोठे आधार ठरले, हे लक्षात घेतलं की त्या मोजमापाचं वजन कळतं. मला इरावतीबाईंच्या पुढच्या सगळ्या लेखनापेक्षा हा प्रबंध मोठा वाटतो. यावर मराठीचे प्राध्यापक माझ्याशी भांडतील, भांडोत.

घरी राहतानाही तुला हा धडा मिळेल. त्या भागात ‘केअरवोख’ नावाचा प्रकार आहे: जिना झाडण्या-पुसण्याची पाळी. पाळी तुझी आली की तुझ्या दाराला पाटी लटकते. तू विसरलीस तर समोरच्या आजी बेल वाजवून तोंडावर सांगतील की जिना घाण आहे. तुला रडू येईल. दुसऱ्या दिवशी त्याच आजी हसून नमस्कार करतील, कारण त्यांच्या लेखी विषय संपलेला असतो. नावडती गोष्ट ऐकून घ्यायची आणि ती जिन्यापुरतीच ठेवायची, हे मला ऑफिसात नाही, त्या जिन्यावर कळलं.

डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो. रविवारी दुकानं बंद, तेव्हा तांदूळ-डाळ शनिवारीच भर. हिवाळ्यात तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडचे साडेदहा, आई फोनसाठी जागत बसेल. वार ठरवून घे. रोजचा व्हिडिओ कॉल असला की तू अर्धी सांगलीतच राहतेस, आणि अडलेली प्रत्येक गोष्ट शेजारच्या खोलीत न विचारता आईला विचारतेस.

पुण्या-मुंबईची मुलं भेटतील, गणपतीला, दिवाळीला जरूर जा. पण घर त्यांच्यासोबत घेऊ नकोस. सुट्टीत दहा देश पालथे घालण्यापेक्षा एका शहरात चार दिवस राहा. हे तू ऐकणार नाहीस, कुणीच ऐकत नाही.

आता एक काम. कंपनीच्या पत्रात तुझ्या कामाबद्दल चार ओळी आहेत, त्या मी वाचल्या. त्यात काय कळलं नाही याची यादी करून या रविवारपर्यंत मला पाठव, आणि तीच यादी नीट मांडून तिथल्या तुझ्या प्रमुखालाही. "सगळं कळलं" असा मेल आला तर मी उत्तर देणार नाही.

तुझी,
ताई