प्लेटलेट कमी दिसल्या तर आधी नळी बघा
मशीनने प्लेटलेट २०,००० दाखवल्या म्हणून लगेच रिपोर्ट सोडू नका. आधी नळीत लाकडी काडी फिरवून बघा. बारीक गुठळी असेल तर काडीला चिकटून येते. प्लेटलेट तिच्यात अडकल्या की मोजल्याच जात नाहीत. असा नमुना बाद, नवा घ्या.

चूक बहुतेक वेळा नमुना घेतानाच झालेली असते. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण ते मिसळायला तर हवं! नळी भरल्याबरोबर ८ ते १० वेळा हलकेच उलटी-सुलटी करा. जोरात हलवलीत तर तांबड्या पेशी फुटतात. रक्त खुणेपर्यंत हवंच. कमी पडलं तर जास्तीच्या ईडीटीएने तांबड्या पेशी आकसतात, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) खोटा कमी येतो.

गुठळी नसेल तर स्मिअर (काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर) काढा आणि त्याची शेपटी, म्हणजे थराचं पातळ टोक, सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघा. काहींच्या प्लेटलेट ईडीटीएतच एकमेकींना चिकटतात, तिथे त्यांचे पुंजके सापडतील. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत (सायट्रेटही रक्त गोठू देत नाही) नमुना घ्या आणि आकडा १.१ ने गुणा, कारण तिच्यात ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट असतं.

आणि जांभळ्या नळीतलं रक्त साध्या नळीत कधीच ओतू नका: पोटॅशियम भलतंच वाढलेलं, कॅल्शियम घटलेलं येईल.