फ्रीकॅडमध्ये (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) प्लेटला नवीन खाच पाडली तर भोकं साइडच्या फेसवर (पृष्ठभागावर) गेली, फिलेटला (कडांच्या गोलाईला) एरर आला. पार्ट परत काढावा लागेल का?

नाही, परत काढू नका. तुमच्या वर्णनावरून साधी माउंटिंग प्लेट आहे, वर चार भोकं, शेवटी फिलेट, आणि तुम्ही पहिल्या स्केचमध्ये (सपाट आकृतीत) जाऊन एका बाजूला नवीन खाच पाडलीत.

भोकांचं स्केच तुम्ही प्लेटच्या वरच्या फेसवर क्लिक करून काढलं असणार. आता फ्रीकॅडला "वरचा फेस" वगैरे काही कळत नाही, त्याच्या लेखी तो फेस६, आणि शेप नव्याने बनला की हे नंबर पण नव्याने पडतात. साध्या चौकोनी पॅडला (स्केचला जाडी देऊन बनलेल्या ठोकळ्याला) आधी बाजूचे ४ फेस मोजले जातात, मग खालचा आणि वरचा. खाच पडल्यावर बाजूचे झाले ८, म्हणजे वरचा गेला १० वर आणि फेस६ झाला कुठलातरी साइडचा, तुमचं स्केच इमानदारीत फेस६ वर जाऊन बसलं! सोसायटीत मधेच एक विंग बांधून फ्लॅट नंबर बदलले तर कुरिअरवाला जे करेल तेच. म्हणूनच नुसती जाडी ५ ची ८ केली असती तर काही झालं नसतं, फेस तेवढेच राहिले असते.

याला टोपोलॉजिकल नेमिंग प्रॉब्लेम म्हणतात, नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या १.० व्हर्जनमध्ये बराच आटोक्यात आलाय. तुमचं ०.२१ असेल तर अपडेट करा, पण फाईलची कॉपी ठेवून, आणि आधीच भलतीकडे गेलेलं स्केच नवीन व्हर्जनमध्ये उघडल्याने आपोआप जागेवर येईल अशी आशा धरू नका.

दुरुस्ती ट्रीमध्ये (पार्टच्या स्टेप्सच्या यादीत) वरून खाली करायची. बरेच जण शेवटच्या लाल फिलेटशी झटापट करत बसतात, ती वेळ फुकट जाते, कारण वरचं हललेलं आहे तोवर खालचं कितीही सुधारलं तरी परत बिघडणार. भोकांचं स्केच सिलेक्ट करा, डेटा टॅबमध्ये मॅप मोडसमोरचे (स्केच कशावर बसलंय ते इथे ठरतं) तीन ठिपके दाबा, फेसच्या जागी बॉडीच्या ओरिजिनमधला (शून्यबिंदूमधला) एक्सवाय प्लेन द्या (बेस स्केच पण त्यावरच आहे असं धरतोय) आणि ऑफसेटच्या झेडमध्ये आकडा टाकण्याऐवजी एफएक्सचं (फॉर्म्युल्याचं) बटण दाबून पॅडची लेंग्थ द्या. आता प्लेटची जाडी बदलली की स्केच सोबत वर-खाली होईल, खाचा किती का पाडेनात. स्केचच्या आत एक्स्टर्नल जॉमेट्री म्हणून प्लेटच्या कडा ओढल्या असतील तर त्या पण काढा, तोच आजार आहे, भोकांची मापं ओरिजिनपासून द्या. दोनपेक्षा जास्त मापं एकमेकांवर अवलंबून असतील तर सरळ स्प्रेडशीट घ्या, सेलला अलायस द्या आणि स्केचमध्ये तेच नाव वापरा, सुरुवातीला कटकट वाटते पण नंतर माझा तरी सगळ्यात जास्त वेळ यानेच वाचतो.

फिलेट सगळ्यात शेवटी. डबल क्लिक करून जुन्या कडा लिस्टमधून काढा, नवीन निवडा. तरी एरर आला तर नंबरांचा दोष नाही, रेडियस बघा, ५ मिमी जाडीला वरून-खालून दोन्हीकडे बरोबर २.५ दिलं की मधे फेसच उरत नाही आणि कर्नल (आकार बनवणारं आतलं इंजिन) हात वर करतो, २.४९ टाका, चालून जातं.